आबाजी, तुमच्या छपरीतल्या त्या ठेंगण्या घडवंचीसाठी

आदरणीय आबाजी,

सप्रेम नमस्कार.

मोबाईलवरची बारीक अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत, म्हणून तुमच्या सूनबाई हे आभाराचं पत्र वाचून दाखवतील. पण ते फक्त तुमच्यापुरतं लिहायचं नव्हतं. चार लोकांनी वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. घरी येऊन बोलले असते तर तुम्ही "हौ, ठीक आहे बाई" म्हणून पुन्हा रंधा हातात घेतला असता आणि माझं बोलणं घशातच राहिलं असतं.

बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हापायी त्या आणखी आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात. उन्हाळ्याची सुट्टी म्हटलं की लोकांना मामाचं गाव आणि आंबे आठवतात. आमच्यासारख्यांच्या घरात मात्र एप्रिल सरायला लागला की एकच घोर लागतो : पोरांना दिवसभर ठेवायचं कुठे?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोहफुलं वेचून होतात न होतात तोच तेंदूपत्ता सुरू होतो. पहाटे चारला घर सोडायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, दुपारभर बसून ७०-७० पानांचे पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. हंगाम पंधरा-वीस दिवसांचा, पण पोरांच्या वह्या, धानाचं बियाणं, किराण्याची उधारी, सगळं त्याच पैशावर असतं. तो सोडता येत नाही. आणि पोरांना जंगलात सोबत नेता येत नाही. २०२५ च्या मे महिन्यात आपल्याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यानंतर कोणती आई लेकराचं बोट धरून जंगलात शिरेल?

घरी ठेवावं तर वर टिनाचं छत. अकरा वाजले की आत भट्टी होते. लाईन गेली की पंखाही बंद. मग पोरं तलावाकडे पळतात. आपल्याकडे गावोगाव जुने मालगुजारी तलाव आहेत, त्यांचं पाणी मेमध्ये आटतं, पण मुरूम काढलेले खड्डे तळाशी तसेच राहतात. वरून गुडघाभर दिसणारं पाणी आत पुरुषभर असतं. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावाहून पोहायला गेलेल्या पोरांची बातमी येतेच. पुडके बांधता बांधता माझं अर्धं लक्ष तलावाच्या पाळीकडे असायचं. हातात पान, आणि कानात सारखं वाटायचं की कोणीतरी ओरडत येईल.

"मुलांना सुट्टीत घरी कसं रमवाल" असे लेख मोबाईलवर खूप येतात. मी ते मनापासून वाचले, कारण मला खरंच उत्तर हवं होतं. त्यात रंगीत कागद, डिंक, कात्री, रंग, प्रिंट काढलेली चित्रं, आणि आईबाबांनी रोज दुपारी दोन तास सोबत बसणं. ज्या आईची दुपार पुडक्यांत जाते तिच्यासाठी त्यात एक ओळ नव्हती. मोबाईल देऊ नका, असं सगळे बजावतात. त्याच्या जागी काय द्यायचं, तेही आमच्या घरात असलेल्या वस्तूंतून, हे कोणी सांगत नाही.

यंदाच्या आधीच्या उन्हाळ्यात एका शिबिरात नाव घातलं होतं. फी आगाऊ घेतली. पहिल्या दिवशी टोप्या वाटल्या, फोटो काढले, आणि आठवडा व्हायच्या आत "ऊन फार आहे" म्हणून दार बंद झालं. फी परत मागायला गेले तर समोरचा माणूस माझ्याकडे न बघता बोलत होता. वाचनाची म्हणून बांधलेली एक खोलीही आहे, ती कोणत्या गावात हे सांगत नाही. तिच्या दाराला कुलूप आणि आत खताची पोती. मी हे चिडून लिहिते आहे आणि चीड लपवणार नाही. लेकरांसाठी म्हणून जे उभं राहतं ते लेकरांनाच बंद असेल तर कोणाला विचारायचं?

आणि ते एक घर. कूलर असलेलं, मोठ्या पडवीचं. "येऊ द्या पोट्ट्यांना, खेळतील," असं त्यांनीच म्हटलं होतं म्हणून माझ्या मोठीला आणि लहान्याला पाठवलं. पहिल्याच दुपारी लहान्यानं पाणी मागितलं. त्याला पायरीखाली उतरायला सांगितलं, ओंजळ करायला लावली आणि वरून पाणी ओतलं. बाकीची पोरं आत पेल्यानं पीत होती. मला हे मोठीनं रात्री सांगितलं. लहाना काही बोलला नाही. तो फक्त त्या घरी परत गेला नाही.

माझी आजेसासू सांगायची, १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब नागपूरहून चंद्रपूरला आले, १६ तारखेला तिथे दीक्षा झाली, तेव्हा आपल्या भागातून माणसं बंड्या जुंपून आणि पायीसुद्धा गेली होती. महाडचं चवदार तळं त्याच्याही आधीचं, १९२७ चं. शंभर वर्षं होत आली. आणि माझ्या सात वर्षांच्या पोराला ओंजळ करायला लावतात. ते घर या पत्रात ओळखू येईल असं मी काही लिहिणार नाही. पण लिहिल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कळणार नाही.

तुम्ही तर पोरांना बोलावलंही नव्हतं. छपरीत तुमचं काम चालू होतं, बंडीच्या चाकाला नवे आरे बसवत होता. आमचे दोघं आणि त्यांच्यामागून मोहल्ल्यातली आणखी पोरं सावलीला म्हणून येऊन टेकली. तुम्ही त्यांना हाकललं नाही. थोडा वेळ बघत राहिलात आणि मग लाकडाचे उरलेले तुकडे त्यांच्याकडे सरकवले. तिथून सुरुवात झाली.

पुढे जमिनीवर चुन्यानं चंगा-अष्टाचा पट आखलात. पाच बाय पाच, पंचवीस घरं, चारी बाजूंच्या मधल्या घरात फुली आणि एक मध्यावर. फासे कुठून आणायचे? चिंचोके फोडून चार फाका केल्या. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि पुन्हा खेळायची पाळी. दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरायचं नाही. लहाना शाळेत बेरजेला रडायचा. इथे तो किती पडले म्हणजे मोठीची सोंगटी मरते, हे चिंचोके जमिनीवर टेकायच्या आत सांगायला लागला. कोळशानं वाघ-बकरीचा पटही आखला. वाघाच्या बातम्या ऐकून रात्री दचकणारी पोरं दुपारी बसून वाघाला कोंडायला शिकत होती. बकऱ्या एकमेकींना धरून राहिल्या तर वाघाला हलायला जागा उरत नाही, हे त्यांना तुम्ही सांगितलं नाही, त्यांनीच खेळून शोधलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं मिरवतात ते लाकडी नंदी करायला तुम्ही उन्हाळ्यातच घेता. पोरांना वाकस आणि पटाशीला हात लावू दिला नाहीत, ते बरंच केलंत. काचकागद दिलात. एकेक नंदी घासताना दोन-दोन तास पोरं जागची हलत नव्हती. सागाचा भुसा केसांत, भुवयांवर. मी फळीवरून परत येताना बघायचे तर आवाजच नसायचा, आणि पोरांचा आवाज नाही म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो. जवळ जाऊन पाहावं तर सगळी माना खाली घालून कामात. एखाद्या दुपारी तुम्ही तरुणपणी दंडारीत, आपल्याकडच्या जुन्या लोकनाट्यात, घेतलेली सोंगं करून दाखवायचात. वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर गावोगाव फिरतात, ते आमची पोरं पाहतात, पण त्याआधीची दंडार त्यांनी तुमच्याकडेच पाहिली.

हे सगळं मोठं आहे. तरी मी हे पत्र त्याच्यासाठी लिहायला घेतलं नाही.

लहाना खेळता खेळता मधेच उठायचा, भर उन्हात घराकडे पळायचा आणि धापा टाकत परत यायचा. मला हे माहीत नव्हतं, मी जंगलात किंवा पुडक्यांत. तो पाणी प्यायला घरी येत होता. तुमच्या घरात पाणी होतं, सूनबाई मागितलं असतं तर आनंदानं देत्या, पण माठ आत होता आणि मागावं लागत होतं. त्याला मागायचं नव्हतं. त्यानं पुन्हा कोणाकडे पाणी मागायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं, आणि सात वर्षांचं पोर ते पंचेचाळीस अंशांत पाळत होतं.

तुम्ही ते पाहिलंत. त्याला विचारलं नाहीत. मला बोलावून विचारलं नाहीत. गावात कोणाजवळ विषय काढला नाहीत. दुसऱ्या दिवशी पोरं आली तर छपरीत एक घडवंची होती, नवी, तुमच्या हातची, लहान्याच्या कमरेइतक्या उंचीची. तिच्यावर माठ, माठावर लाकडी झाकण, बाजूला खुंटीला पितळी पेला. आणि तुम्ही चाकावरून मान न उचलता म्हणालात, "तहान लागली का आपल्या हातानं घ्या रे पोट्टेहो, मले उठवू नका."

बस, एवढंच. लहान्याकडे बघितलंही नाहीत. त्याच्यासाठी केलंय हे त्याला कळू दिलं नाहीत, नाहीतर तो प्यायलाच नसता. ती उंची मात्र त्याच्याच मापाची होती. सुताराच्या हाताला माप चुकत नाही.

मोठीनं मला रात्री सांगितलं, तिच्याच शब्दांत लिहिते : "आई, आबाजी पण तोच पेला घेतात." मी भाकरी थापत होते. मला पुढची भाकरी थापता येईना.

तुम्हाला घरातून, भावकीतून कोणी काही बोललं असेल का, मला ठाऊक नाही आणि मी विचारणार नाही. बोललं असेल तर त्याची झळ तुम्ही आमच्यापर्यंत येऊ दिली नाहीत. सूनबाई रोज सकाळी तो माठ घासून भरत होत्या, हे मी स्वतः पाहिलं. म्हणून हे आभार त्यांचेही आहेत. ताई, हे वाचताना थांबू नका, तुमच्यासाठीच लिहिलं आहे.

चांगुलपणावर भाषणं देणारी माणसं मी पुष्कळ ऐकली. स्टेजवर समतेचं बोलून खाली उतरल्यावर पंगतीत वेगळं बसणारीही पाहिली. पण आपल्या झाडीपट्टीत अशीही माणसं आहेत जी बोलत नाहीत. दुसऱ्याच्या पोरीला अंधारात घरापर्यंत सोडून मग पुढे जाणारा ऑटोवाला, ज्या घरी चूल पेटली नाही तिथे "आमच्याकडे उरली" म्हणून आंबील देणारी शेजारीण. त्यांना कोणी हार घालत नाही. त्यांच्याच भरवशावर माझ्यासारखी बाई पोरांना मागे ठेवून पहाटे चारला जंगलात जाऊ शकते. हंगामाचे पैसे मी मोजले तेव्हा मनात म्हटलं, यातले अर्धे आबाजींच्या छपरीनं कमावले आहेत. तुम्ही ते घेणार नाही हेही ठाऊक आहे. सूनबाईंजवळ लाकडाचे म्हणून पैसे दिले होते, ते त्याच संध्याकाळी लहान्याच्या खिशातून परत आले.

आता शाळा उघडते आहे. लहान्यानं त्याचा नंदी उशाशी ठेवला आहे, तान्ह्या पोळ्याला त्याला तुमच्याच हातून रंगवून हवा आहे. परवा आमच्याकडे त्याचा एक मित्र आला होता, तर यानं न सांगता त्याच्यापुढे पेला भरून ठेवला.

पहिला पाऊस पडला तेव्हा पोरं बसतात त्या कोपऱ्यात छपरी गळत होती. ह्यांनी पाहिलंय, तीन-चार कवेलू, म्हणजे कौलं, फुटलेत आणि वळचणीची रांग सरकली आहे. धानाची रोवणी लागली की कोणालाच उसंत मिळणार नाही, म्हणून येत्या रविवारी सकाळी हे आणि मोहल्ल्यातली दोघं-तिघं येऊन पूर्ण छपरी फेरून देतील. नवे कवेलू आम्ही आणतो. तुम्ही शिडी तेवढी काढून ठेवा, आणि नाही म्हणू नका.

तुमची,
लहान्याची आई