महाविद्यालयाचे एक वर्ष पाडवा ते दसरा असेही हवे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडचे पीपल्स कॉलेज ही दोन्ही महाविद्यालये १९५० साली सुरू झाली. पहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढले, तर दुसरे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने उभे राहिले. पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्या या संस्थांविषयी मराठवाड्यात आदराने बोलले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्यासाठी त्या निघाल्या, त्यांतला एक मोठा वर्ग आजही प्रवेश घेऊन वर्गात टिकत नाही, आणि त्याला गरिबीइतकेच महाविद्यालयाचे वेळापत्रकही कारणीभूत आहे, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

निजामी राजवटीत औरंगाबादला इंटरमिजिएट कॉलेज होते; पदवीसाठी मात्र हैदराबाद गाठावे लागे आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनात, हे गीत गाण्यावरून, उस्मानियातून नावे कमी केलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, म्हणून त्यांचे शिक्षण पुढे चालू राहिले. ज्यांच्या घरी हैदराबादचा खर्च झेपण्यासारखा नव्हता, त्यांचा प्रश्नच निकालात निघालेला होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि दोनच वर्षांत बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. आरंभी तेही उस्मानियाशीच संलग्न होते. मराठवाडा विद्यापीठ आले ते २३ ऑगस्ट १९५८ ला. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारख्यांनी हे महाविद्यालय घडवले आणि पुढे येथे शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’सारखे दलित साहित्याचे नियतकालिक दीर्घकाळ चालवले. खेड्यापाड्यांतून, अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या मुलांना वसतिगृहाचा आधार मिळाला नसता, तर यातले फारसे काही घडले नसते.

याच सोसायटीने त्याआधी, १९४६ साली, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणाला दुपारच्या वर्गाचा उपयोग नाही, हे ओळखून घड्याळ बदलले गेले. मला वाटते, या संस्थेच्या इतिहासातली आज सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे. मुंबईत घड्याळ बदलणे पुरेसे होते. मराठवाड्यात मात्र कॅलेंडरच बदलावे लागेल.

बीड जिल्ह्यात अध्यापन केलेल्या कोणालाही हजेरीपटाचे हे रूप ओळखीचे असेल. जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग भरलेला असतो. दसरा झाला की ऊसतोड मजूर पुरवणाऱ्या मुकादमाचे ट्रक आणि ट्रॅक्टर गावात लागतात, ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली असते, आणि ऊस तोडणाऱ्यांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. हजेरीपटावर दिवाळीनंतर काही नावांपुढे गैरहजेरीची सलग रांग दिसू लागते. पहिल्या सत्राची परीक्षा हुकते, दुसऱ्या सत्राचे तर तोंडही दिसत नाही. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळपाचा हंगाम संपून, पोरे परत येतात, तेव्हा महाविद्यालय उन्हाळी सुटीच्या तयारीत असते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचे लग्न लावून नवा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, उभा केला जातो, ही त्यापुढची पायरी. शासनाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेतून ८२ वसतिगृहे मंजूर केली, हे स्वागतार्हच आहे. पण जो तरुण स्वतःच उसाच्या फडात उतरला आहे, त्याला वसतिगृह कसे थांबवणार?

अशा तरुणांसाठी पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत चालणारे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम जुन्या, नावाजलेल्या महाविद्यालयांनी सुरू करावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ पासून समुदाय महाविद्यालयांची योजना राबवली आहे. स्थानिक उद्योगांना सोबत घेऊन प्रमाणपत्र व पदविका द्यावी, हा तिचा गाभा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा राहतात, म्हणजे एका वर्षी मिळवलेले पुढच्या उन्हाळ्यात वाया जात नाही. विषयही समोरच आहेत. ऊसतोडणी यंत्रे फडात येऊ लागली आहेत. ती चालवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस कोयता चालवणाऱ्यांतूनच का तयार होऊ नये? ठिबक सिंचनाची जोडणी, सौर कृषिपंपाची देखभाल, रुग्णसेवा सहायक, लहान दुकानाचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे, ही कामे तालुक्याच्या गावीच मिळू शकतात. मात्र त्यासोबत मराठी आणि गणिताचा एक पक्का पेपर हवाच, कारण हा तरुण पुढे पदवीकडे वळला पाहिजे. त्याला केवळ कारागीर करून सोडणे या संस्थांच्या परंपरेला शोभणार नाही.

अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातल्या अनेक गावांना टँकरने पाणी मिळते, तेव्हा वसतिगृह चालवणे अवघड आहे. त्यासाठी स्वतंत्र तरतूद लागेल. नियमित प्राध्यापकांच्या सुट्यांचा प्रश्न येईल. परंतु तासिका तत्त्वावर काम करणारे कितीतरी उच्चशिक्षित अध्यापक उन्हाळ्यात विनामानधन घरी बसतात. पूर्ण मानधन देऊन त्यांच्याकडे हे वर्ग सोपवता येतील, आणि त्यांनाही बारमाही काम मिळेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आपापल्या क्षेत्रातील प्रत्येकी दोन-तीन महाविद्यालये निवडून येत्या पाडव्यापासून हा प्रयोग सुरू करावा, अशी माझी मागणी आहे. प्रवेशाची जाहिरात मात्र वर्तमानपत्रापुरती ठेवू नये. ती दसऱ्याआधी, टोळ्या निघण्यापूर्वी, ग्रामपंचायतींच्या फलकांवर लागली पाहिजे आणि हंगामात साखर कारखान्यांच्या तळांवरही पोचली पाहिजे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
जि. बीड