सर्व्हर नवा घ्या, पण जुनी खाती टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आर्थिक वर्ष संपत आले की इंदूरच्या आपल्या पतसंस्था, ट्रस्ट आणि शाळांच्या कार्यालयांत नव्या सर्व्हरचा विषय निघतो. पुरवठादार सांगतो, ‘नवा प्रोसेसर चौसष्ट बिटचा आहे, तुमचा जुना प्रोग्राम त्यावर चालणार नाही.’ (बिटांचा आकडा म्हणजे प्रोसेसर एका वेळी केवढा आकडा हाताळतो त्याचे माप.) आमच्या पतसंस्थेत हे ऐकून आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याचे पुढे काय झाले, ते इतरांना कळावे म्हणून हे पत्र.

आमच्या ठेवींचा हिशेब डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरच्या प्रोग्राममध्ये होता. तो गेलाच असे समजून छापील खतावणीवरून साऱ्या नोंदी हाताने भरायला घेतल्या. कडेला भोके असलेल्या कागदांचे गठ्ठे, विटलेली शाई, आणि दोन महिने मान मोडून बसलेल्या आमच्या दोघी कर्मचारी. त्यात एका आजींच्या मुदत ठेवीचे १,८०,००० चे १,०८,००० झाले. पावती त्यांनी जपून ठेवली होती, म्हणून निभावले. पण बाकावर बसून ‘माझंच काही चुकलं का हो?’ असे त्या विचारत होत्या, ते मला विसरता येत नाही.

नंतर इंजिनीअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याने त्याच नव्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, तयार केले, त्यात आमच्याकडची जुनी बत्तीस बिटची विंडोज घातली आणि प्रोग्राम सुरू केला. हिरव्या अक्षरांत अख्खी खतावणी उघडली. काम एका दुपारचे!

म्हणजे प्रोसेसरचा दोष नव्हताच. इंटेलचा १९७८ चा ८०८६ प्रोसेसर सोळा बिटचा, १९८५ चा ८०३८६ बत्तीस बिटचा. बत्तीस बिटच्या पत्त्यांत ४ जीबीच मेमरी मावते, म्हणून पुढे चौसष्ट बिट लागले. इंटेलने २००१ मध्ये आणलेल्या इटेनियम प्रोसेसरची आज्ञावलीच, म्हणजे त्याला समजणाऱ्या आज्ञांचा संच, निराळी होती. जुने प्रोग्राम त्यावर रखडत. एएमडी या दुसऱ्या कंपनीने एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन हा चौसष्ट बिटचा प्रोसेसर आणला. त्यात जुन्या आज्ञा तशाच ठेवून वर माडी चढवली होती. इंटेलनेही २००४ मध्ये झिऑन या आपल्या सर्व्हरच्या प्रोसेसरसाठी तीच वाट धरली. आजही ८०८६ च्या या घराण्यातला सर्व्हर सुरू केला की प्रोसेसर आधी सोळा बिटच्या अवस्थेत जागा होतो आणि मग पायरी पायरीने वर चढतो. मोडी कागद हाती असतो पण वाचणारा मिळत नाही, हे दुखणे आपल्या घराघरांत आहे. इथे वाचणारा समोर उभा असताना आम्ही कागदच गुंडाळून ठेवला.

पुरवठादार अगदीच खोटे बोलला असे नाही. चौसष्ट बिटच्या विंडोजवर बत्तीस बिटचे बहुतेक प्रोग्राम चालतात. प्रोसेसर त्या आज्ञा थेट, पूर्ण वेगाने पाळतो. डॉसचे प्रोग्राम मात्र तिथे चालत नाहीत, त्यांना व्हर्च्युअल मशीन लागते. प्रिंटरचे ड्रायव्हरही (प्रिंटर चालवणारे छोटे प्रोग्राम) चौसष्ट बिटचेच हवेत. हे सारे सांगायचे सोडून त्याने खापर प्रोसेसरवर फोडले, आणि आम्ही विचारलेही नाही. सर्व्हर एआरएम जातीच्या प्रोसेसरचा असेल तर गोष्ट वेगळी. त्याची आज्ञावली निराळी, म्हणून जातही विचारून घ्यावी.

संस्थाचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या खात्याचे एक पान नव्या यंत्रावर डोळ्यांसमोर उघडून दाखवल्याशिवाय बिल मंजूर करू नका. जुनी विंडोज असलेल्या त्या व्हर्च्युअल मशीनला इंटरनेट मात्र मुळीच जोडू नका, कारण तिला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत.

आमचा जुना सर्व्हर तोवर भंगारात गेला होता. प्रोग्रामची एक प्रत कपाटातल्या हार्ड डिस्कवर राहिली होती, म्हणून एवढे तरी जमले. तुमच्याकडची प्रत याच आठवड्यात काढून घ्या, आणि ती उघडते का तेही पाहा.

आपला,
एका पतसंस्थेचा निवृत्त लेखापाल
रामबाग, इंदूर