‘ब्रॉडकास्ट’ आधी शेतात होते

महोदय,

‘ब्रॉडकास्ट’ हे क्रियापद रेडिओसोबत जन्मले, असे आपल्या पुरवणीत छापले आहे. तसे नाही. १८व्या शतकातल्या शेतीविषयक इंग्रजी लिखाणात हा शब्द भेटतो, अर्थ फोकून पेरणे: मूठ भरायची, हात ऐसपैस फिरवायचा, बी पडेल तिथे पडेल. ओळीत पेरणारे यंत्र आल्यावर दोन्ही पद्धतींच्या समर्थकांत तिकडे चांगलीच जुंपली होती. पुढे रेडिओने हा शब्द उचलला; १९२२मध्ये बीबीसीने (ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी) तर तो नावातच घेतला. व्हॉट्सॲपच्या ‘ब्रॉडकास्ट लिस्ट’मध्ये मात्र नावे आधीच निवडलेली, म्हणजे पेरणी पुन्हा ओळीत! भूतकाळी ‘ब्रॉडकास्ट’ऐवजी ‘ब्रॉडकास्टेड’ लिहिणाऱ्यांचे गुण मी वर्षानुवर्षे कापले. आता कोशांत तेही रूप सापडते. मला अजून खटकते.

– एक निवृत्त इंग्रजी शिक्षक