बोट लावून विचारायला काय लागते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत खांदा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचे कौतुक वाचले. वरचे अर्धे पान लेख, खालचे अर्धे पान त्याच दवाखान्याची जाहिरात. ‘सहाव्या आठवड्यात हात वर’ म्हणे! आमच्या सौ.चा हात वर जायला चौदा महिने लागले, आणि अजूनही तो मांडणीच्या दुसऱ्या फळीच्या वर जात नाही.

न्हाणीत पडून खांद्याचे हाड फुटले. शहरात नेऊन उलटा सांधा बसवला. त्यात वाटी आणि गोळ्याची जागा अदलाबदल करतात. एक्स-रे झकास. हात मात्र उचलेना. आधी डॉक्टर म्हणाले, मानेत दिलेल्या भुलीचा असर. तो दिवसभरात उतरतो हे आम्हाला कुठे ठाऊक! मग म्हणाले, व्यायाम कमी पडतो. मग, वय झाले. दंडाच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी जागा बधिर, मुंगळा चावून रक्त आले तरी तिला पत्ता नाही. हे मी चार वेळा सांगितले, चारही वेळा साहेबांनी एक्स-रेच बघितला. नस एक्स-रेत दिसत नाही, एवढे भूगोलाच्या मास्तरालाही कळते.

तोवर वेणी मीच घालत होतो. कशी, ते विचारू नका.

चौथ्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी ईएमजी, म्हणजे नसा-स्नायूंची तपासणी, करायला लावली. त्यासाठी सेलूहून तपोवन एक्स्प्रेसने संभाजीनगर. दंडात सुया टोचल्यावर कळले, काखेतून खांद्याकडे जाणारी ॲक्झिलरी नस दुखावली आहे. उलटा सांधा चालतो तो मुख्यतः खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूवर आणि त्याला चालवते हीच नस. मोट नवी कोरी, बैल बसलेला!

त्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की ऑपरेशनात हात ताणून धरला किंवा नव्या सांध्याने हात लांबला, की ही नस ओढली जाते. बहुधा ती आपोआप सुधारते, पण आतले तंतू तुटले असतील तर दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. म्हणून ३-४ आठवड्यांत तपासणी करायची, ३ महिन्यांनी पुन्हा, आणि काहीच हालचाल नसेल तर ६ महिन्यांच्या आत नसांच्या सर्जनला दाखवायचे. फार उशीर झाला तर स्नायू वाळतो. आमची नस आपली आपण सावरली. ते नशीब, उपचार नव्हे.

सौ. पडली तेव्हाच नस दुखावली की ऑपरेशनात, हे आता कोणीच सांगू शकत नाही. कारण ऑपरेशनच्या आधी दंडाला बोट लावून ‘बाई, कळतंय का?’ असे कोणी विचारलेच नव्हते. त्याला ना यंत्र लागते, ना पैसे. आपल्या लेखात ‘नस’ हा शब्द एकदाही नाही. जाहिरातीत नसेल तर समजू शकतो.

जाता जाता, आमच्याकडे अंक दहाच्या आधी येत नाही आणि एका आड एका रविवारी पुरवणी गायब असते. ही मात्र नेमकी आली.

– एक निवृत्त शिक्षक, सेलू (जि. परभणी)