क्रिकालेव्हला कुणी विसरलं नव्हतं, रिलिव्हर आला नव्हता

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सोव्हिएत अंतराळवीर सर्गेई क्रिकालेव्हवर एक चौकट आली होती, 'अंतराळात विसरलेला माणूस' असं काहीतरी हेडिंग होतं, आणि सोव्हिएत युनियन बुडालं म्हणून तो वरच अडकला असं आत लिहिलं होतं, ते वाचून नातीने लगेच विचारलं की आजोबा, त्याला खरंच वर विसरून गेले का हो? म्हणून हे पत्र. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल प्लांटच्या मेंटेनन्समध्ये ३१ वर्षं शिफ्ट केल्या, आता ऐरोलीत घरी असतो, आणि त्यामुळे असेल कदाचित पण ती सगळी गोष्ट मला जरा वेगळी दिसते.

आमच्याकडे नियम साधा होता, रिलिव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय प्लांट सोडायचा नाही. जुलैमध्ये पाणी भरून लोकल बंद पडली की फर्स्टवाला मुकाट्याने सेकंडपण मारायचा, शेजाऱ्यांच्या फोनवर घरी निरोप जायचा, कँटीनवाला चहा आणून द्यायचा, झालं. त्याला कुणी कंपनीने विसरलेला म्हटलं असतं तर आधी तोच हसला असता. क्रिकालेव्हचं तेच झालं, फक्त त्याची डबल ड्युटी पाच महिन्यांची निघाली.

तारखाच बघा ना. तो १८ मे १९९१ ला मीर या सोव्हिएत अंतराळ स्टेशनवर जायला निघाला, पाच महिन्यांच्या हिशेबाने. पुढच्या दोन फ्लाइट होत्या त्यांची एकच करायचं ठरलं, आणि ऑक्टोबरच्या त्या फ्लाइटमध्ये इंजिनिअरच्या सीटवर कझाकस्तानचा तोख्तार औबाकिरोव्ह येणार होता, ज्याचं लांब मुक्कामाचं ट्रेनिंगच झालेलं नव्हतं. मग थांबशील का असं क्रिकालेव्हला विचारलं आणि तो हो म्हणाला. कधी? जुलैमध्ये! मॉस्कोत रणगाडे रस्त्यावर आले ऑगस्टमध्ये आणि देश मोडला डिसेंबरमध्ये. पैशांची चणचण होती हे खरं आहे, नाहीतर दोनाची एक फ्लाइट झालीच नसती, पण देश बुडाला म्हणून हा वर अडकला असं जे तुम्ही छापलंत ते कॅलेंडरमध्येच बसत नाही.

दुसरं म्हणजे तो एकटा नव्हता. ऑक्टोबरपासून अलेक्झांडर व्होल्कोव्ह कमांडर म्हणून सोबत होता, देश त्याचाही गेला, त्याला मात्र बिचाऱ्याला कुणी 'विसरलेला' पण म्हणत नाही. परत यायचं सोयूझ यान कायम स्टेशनला जोडलेलं होतं, बसून खाली यायला कुणाची आडकाठी नव्हती. पण दोघं निघाले असते तर मागे स्टेशन रिकामं, आणि चालू प्लांट रिकामा सोडून जाणं म्हणजे काय ते आमच्या लाइनमधल्या माणसाला सांगायला नको. माल घेऊन येणारं प्रोग्रेस यानसुद्धा जानेवारी १९९२ मध्ये पोचलं होतं.

त्या ३११ दिवसांत तो सात वेळा स्टेशनच्या बाहेर पडला. त्यातल्या उन्हाळ्यातल्या खेपांमध्ये त्याने आणि मे महिन्यात त्याच्यासोबतच वर गेलेल्या अनातोली आर्त्सेबार्स्कीने मिळून १४ मीटरचा एक गर्डर उभा केला, आणि काम संपता संपता आर्त्सेबार्स्कीच्या हेल्मेटची काच आतून वाफेने इतकी धुरकटली की पुढचं दिसेना, तेव्हा क्रिकालेव्हने त्याला धरून आत आणलं. हे तुमच्या चौकटीत कुठेच नाही! त्याऐवजी त्याच्या गावाचं, लेनिनग्राडचं नाव बदललं, तो उतरला तेव्हा अंगावर सोव्हिएत बिल्ला होता वगैरे वगैरे. आहे ते खरंच, फोटोही छान आहे, पण माणसाचं काम काय होतं ते सांगाल की नाही?

काम होतं फ्लाइट इंजिनिअरचं, म्हणजे मेंटेनन्स. त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, साल्यूत ७ हे सोव्हिएत स्टेशन पूर्ण बंद पडलं होतं, ना पॉवर ना रेडिओ, आत गारठा. आपले राकेश शर्मा आदल्याच वर्षी, १९८४ च्या एप्रिलमध्ये, जिथे आठवडाभर राहून आले तेच हे स्टेशन. तिथे जाऊन जानिबेकोव्ह आणि साविनिख या दोघांनी ते पुन्हा चालू केलं, पण बंद स्टेशनला यान जोडायचं कसं आणि आतल्या सिस्टिम दुरुस्त कशा करायच्या याची पद्धत बसवणाऱ्या जमिनीवरच्या टीममध्ये तरुण क्रिकालेव्ह होता. आणि मीरवरून खाली उतरल्यावरही तो काही घरी बसला नाही. १९९४ मध्ये अमेरिकन शटलमधून जाणारा पहिला रशियन हाच, १९९८ मध्ये आजच्या स्पेस स्टेशनचे पहिले दोन तुकडे जोडले तेव्हा तिथे होता, २००० मध्ये तिथे मुक्कामाला गेलेल्या पहिल्या तिघांत होता, २००५ मध्ये कमांडर झाला. सहा फ्लाइट, एकूण ८०३ दिवस. अंतराळात सगळ्यात जास्त दिवस राहण्याचा हा रेकॉर्ड दहा वर्षं टिकला, मग २०१५ मध्ये रशियाच्याच पदाल्काने मोडला आणि आता त्यांचाच कोनोनेन्को १,१११ दिवसांवर आहे. ज्याला देश विसरला म्हणता त्याला १९९२ मध्ये 'रशियाचा हीरो' हा किताब मिळाला, आणि जिवंतपणी तो किताब मिळवणारा तो पहिलाच.

नातीला हे सगळं सांगितलं तर तिचा प्रश्न वेगळाच, त्याला ओव्हरटाइम मिळाला का. ते मला माहीत नाही म्हटलं.

एक विनंती. आतल्या पानावर तुम्ही भरती-ओहोटीच्या वेळा रोज छापता, त्याच्याच खाली स्पेस स्टेशन ठाण्यावरून कधी दिसणार ती वेळ पण छापा की. सूर्य मावळल्यावर गच्चीवरून साध्या डोळ्यांनी दिसतं, विमानासारखं लुकलुकत नाही, पाच-सहा मिनिटांत खाडी ओलांडून पारसिकच्या डोंगरामागे जातं. आम्ही दोघं बघतो, पण वेळ नातीच्या मोबाइलवरून काढावी लागते आणि तो तिची आई देत नाही.

आपला,
एक जुना वाचक, ऐरोली