रात्री अडीचचा पंखा

ताई,

पहिल्या दिवशी आलात तेव्हा यंत्राचं नावही न काढता तुम्ही एकच विचारलंत, "दिवसभरात काय मागताना सगळ्यात जास्त जीवावर येतं?" मानेच्या मज्जारज्जूला सी-५ (मानेतला पाचवा मणका) पातळीवर इजा झाल्यापासून मला शंभर प्रश्न विचारले गेले असतील, हा कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, रात्रीचा पंखा. अडीचच्या सुमारास गारठायला होतं, पण दिवसभर माझं सगळं करून दमलेल्या बायकोला तेवढ्यासाठी उठवायचं कसं? कुडकुडत पडून राहायचो.

२०१४ साली पहिला अ‍ॅमेझॉन एको, म्हणजे बोललेलं ऐकून काम करणारा स्पीकर, आला तेव्हापासून ही वस्तू म्हणजे गाणी लावणारा, हवामान सांगणारा डबा, असंच माझं मत. तसलाच एक तुम्ही उशाशी आणून ठेवलात, आणि पहिला आठवडा मी जाम वैतागलो होतो. माझा श्वास तोकडा. स्पीकरला हाक मारून दम घेईपर्यंत त्याचा दिवा विझलेला! तुम्ही न कंटाळता बोलणाऱ्यासाठी जास्त वेळ थांबायचं सेटिंग शोधलंत, अ‍ॅपमधलं पंख्याचं लांबलचक नाव काढून नुसतं 'फॅन' केलंत. आता दोन शब्दांत काम होतं. एसी आणि टीव्हीसाठी रिमोटचे सिग्नल पाठवणारी ती छोटी डबी लावलीत, तीही बिनबोभाट चालते.

माईकच्या बटणावरून आपण हसलो होतो, आठवतं? ते बोटानंच दाबायचं. माझा खांदा हलतो, कोपर वाकतं, बोटं ऐकत नाहीत. आणि माईक एकदा बंद झाला की "चालू हो" म्हटलेलं ऐकणार कोण?

पण हसता हसता तुम्ही गंभीर झालात. नेट गेलं, वीज गेली की हा डबा मुका, जीव अडकला असताना याच्या भरवशावर राहू नका, म्हणालात. दुसऱ्या दिवशी कोपरानं दाबता येईल अशी सेलवरची मोठी बेल गादीच्या कडेला बसवून दिलीत. तिचे आभार वेगळे.

परवा सकाळी बायकोनं विचारलं, "रात्री पंखा कुणी बंद केला?"

"मी."

तुमचा,
उशाशी डबा घेऊन झोपणारा