काळा वाटाणा फक्त श्रावणापुरता का?

मा. संपादक,

श्रावण लागला की पुरवण्यांत काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याची कृती येते, आणि गणपती गेले की वाटाणाही जातो. आमच्याकडे कुडाळात तो बारमाही डब्यात असतो. भजनी मंडळींना उसळ-पाव द्यायचा तो याचाच, पण एरवी घरात भाजी नसली तरी आधार त्याचाच. रात्री भिजत घातला की सकाळची चिंता मिटते.

नवख्यांसाठी दोन गोष्टी कृतीत जरूर छापा. वाटाणा बोटाने दाबल्यावर चेचला जाईपर्यंत कोकम घालू नये. आंबट आधी पडलं तर कितीही शिट्या काढा, दाणा कडकच राहतो. आणि शिजवल्याचं काळं पाणी कृपया ओतून देऊ नका. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि मालवणी मसाला त्याच पाण्यात उकळला की सांबाऱ्याला खरा रंग चढतो. उरलेलं दुसऱ्या दिवशी घावण्यांबरोबर जास्तच चवदार लागतं.

महागड्या डबाबंद परदेशी कडधान्यांच्या पाककृती तुम्ही आवर्जून देता. तशीच जागा या वाटाण्याला ऐन मे महिन्यातही द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक गृहिणी, कुडाळ